पेटीचा शोध आणि गावाची ओळख

अक्षांश-रेखांशांचा पाठ आपल्या वर्गात बहुधा पृथ्वीच्या गोलावर सुरू होतो व तेथेच संपतो. व्याख्या मुलास मुखोद्गत होते. परंतु आपली शाळा त्या रेषांच्या जाळ्यात नेमकी कोठे आहे, हे त्यास सांगता येत नाही. ही उणीव दूर करण्यास साह्यभूत होईल अशा एका खेळाचा परिचय शिक्षकबंधुभगिनींस येथे करून देत आहे.

या खेळास जिओकॅशिंग म्हणतात. उपग्रहांच्या साह्याने स्थान निश्चित करणाऱ्या अमेरिकन यंत्रणेच्या नागरी संकेतांत पूर्वी मुद्दाम अशुद्धता ठेवलेली असे. ती मे २००० च्या प्रारंभी काढून टाकण्यात आली. लगेच, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी काही वस्तू व एक वही बादलीत घालून ती रानात ठेविली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. खेळाचा नियम आजही तोच आहे. पेटी शोधावी, वहीत नाव लिहावे, आतील वस्तू घेतल्यास तिच्या तोलाची दुसरी ठेवावी आणि पेटी होती तेथेच परत ठेवावी. इंग्लंडमध्ये खेड्यांतील जुन्या चर्चांच्या परिसरात अशा पुष्कळ पेट्या आहेत. मुलाबाळांसह कुटुंबे त्या शोधण्यास जातात आणि त्या निमित्ताने शिलालेख वाचतात, जुनी बांधणी पाहतात. पेटी हे निमित्त. स्थळदर्शन हेच फळ.

आपल्याकडे अशी स्थळे थोडी नाहीत. मुंबई उपनगरातील गोरेगावचेच उदाहरण घ्या. तेथून आग्नेयेस सुमारे पाच किलोमीटरांवर जेझुइट पाद्र्यांनी १५७९ मध्ये बांधलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. साथीच्या रोगामुळे १८४० च्या सुमारास गावकऱ्यांनी ते सोडले व मरोळ येथे वसती केली. उत्तरेस बोरिवलीजवळ मंडपेश्वर येथे प्राचीन शैव लेणे असून त्याच्या माथ्यावर पोर्तुगीज मठाची पडझड झालेली वास्तू आहे. एकाच खडकावर दोन धर्मांचा इतिहास तेथे वाचता येतो. तो सांगताना शिक्षकाने कोणाही मुलाच्या मनास ठेच लागू देऊ नये.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. संरक्षित स्मारकात अथवा प्रार्थनास्थळात परवानगीवाचून पेटी लपवू नये. दगड हलविल्याने वास्तूची हानी होते आणि बेवारस पेटी दिसल्यास लोक घाबरतात, पोलिसांना बोलवावे लागते. पहिले उदाहरण तर औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणाआड असल्याने तेथे मुक्त प्रवेशच नाही. यास्तव आपण पेटीविनाच शोध योजावा. पेटीऐवजी प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे.

त्याची रीत अशी :

१. गावातील मंदिर, मशीद, चर्च, बारव किंवा वीरगळ निवडून पुजारी, विश्वस्त वा ग्रामपंचायत यांची संमती घ्यावी.

२. शिक्षकाने भ्रमणध्वनीवर स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत. गोरेगाव स्थानकाचे स्थान सुमारे १९ अंश ९.९ मिनिटे उत्तर व ७२ अंश ५१ मिनिटे पूर्व असे येते.

३. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, त्याचा हजारावा भाग १.८५ मीटर. हे गणित मुलांकडून करवून घ्यावे.

४. उघड्या जागीही यंत्र चारपाच मीटर चुकू शकते. झाडाखाली वा भिंतीलगत अधिक. म्हणून अखेरचा शोध डोळ्यांनीच करावयाचा : "कमानीत दगड किती?", "दाराचे तोंड कोणत्या दिशेस?"

५. परतल्यावर प्रत्येक गटाने वहीत उत्तर, तारीख व एक निरीक्षण लिहावे.

एका शाळेस एक भ्रमणध्वनी पुरेसा आहे. रस्ता, विहीर व पडक्या भिंती यांपासून मुलांना जपावे आणि पालकांना आधी कळवावे. आपल्या गावातील जुन्या वास्तू पडत आहेत आणि त्यांची माहिती असणारी वृद्ध माणसेही कमी होत आहेत. ज्या मुलाने एखादी कमान स्वतः शोधून तिचे दगड मोजले, ते मूल उद्या तिचा दगड उचलून नेऊ देणार नाही. यातच या खेळाचे शैक्षणिक मोल आहे.