सहावीचा वर्ग आणि घराचा पत्ता

शिकायला म्हणून बाहेरगावाहून उज्जैनला आलेल्या विद्यार्थ्यांत सगळ्यांत नामांकित कृष्णच. मथुरेहून बलरामासह तो सांदीपनींच्या आश्रमात आला आणि चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकून गेला, अशी परंपरा आहे. राहायचं गुरूच्याच घरी, त्यामुळे शाळेजवळ घर बघण्याची कटकट वसुदेव-देवकीच्या वाट्याला आली नाही. आजच्या उज्जैनकर आईबापांच्या वाट्याला ती येते. मूल चौथी-पाचवीत गेलं की वाड्यातला हिस्सा विकून देवास रोडला फ्लॅट घ्यावा का, इंदूर रोडच्या नव्या कॉलनीत प्लॉट बघावा का, याच्या चर्चा सुरू होतात. त्यात न्यू जर्सीचा एखादा चुलतभाऊ फोनवरून सल्ला देतो : आधी मिडल स्कूलची हद्द बघा, मग घर.

त्याच्या गावी ते बरोबरच आहे. अमेरिकेत सरकारी शाळा बहुतेक ठिकाणी पत्त्यावरून ठरते आणि रस्त्याच्या पलीकडचं घर दुसऱ्या शाळेचं असू शकतं. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 1999 साली बोस्टनच्या उपनगरांत हद्दीच्या अल्याड-पल्याडची घरं ताडून पाहिली. शाळेचे परीक्षेतले गुण 5 टक्क्यांनी जास्त असले, तर पालक घराला सुमारे 2.5 टक्के जास्त मोजतात, असं त्यांना आढळलं. तो हिशेब उज्जैनला लावला की मात्र फसगत होते, कारण सहावीच्या प्रवेशासाठी इथे असा नकाशाच नाही.

मग नियमांतले ते एक आणि तीन किलोमीटर कसले? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं म्हटलं आहे. पण ती सरकारवरची जबाबदारी आहे. तुमच्या फाटकासमोरच्या खासगी शाळेने तुम्हाला घेतलंच पाहिजे, असा त्याचा अर्थ होत नाही. पत्ता खरोखर कामाला येतो तो खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के मोफत जागांसाठी. मध्य प्रदेशात त्यासाठी शहरात आधी तुमचा वॉर्ड पाहतात, मग आजूबाजूचे. पण तो प्रवेश नर्सरी ते पहिली एवढ्याच टप्प्यावर. सहावीच्या वेळी ते दार केव्हाच बंद झालेलं असतं.

ज्यांना ती जागा मिळालेली आहे, त्यांनी घर बदलण्याआधी कायद्याचं पाचवं कलम वाचावं. शाळा बदलण्याचा हक्क त्यात आहे, पण तो सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा. दुसऱ्या विनाअनुदानित शाळेत जाण्याचा नव्हे. म्हणजे ढाबा रोडच्या भाड्याच्या खोल्या सोडून नानाखेड्याला स्वतःचं घर घेतलं, तर आठवीपर्यंतची फुकट जागा जुन्या शाळेतच राहते. मग रोज पोराला शहर ओलांडायला लावा, नाहीतर फी भरा. हा आकडा गृहकर्जाच्या हप्त्याशेजारी कोणी मांडत नाही.

केंद्रीय विद्यालयाचंही तसंच. जिल्ह्याच्या ठिकाणी पाच किलोमीटरचा परिसर धरतात खरा, पण आधी पाहतात आईबापांची नोकरी कोणत्या वर्गातली आणि बदल्या किती. दुसरीपासून पुढे तर जागा रिकामी असली तरच. केवळ त्यासाठी शेजारी घर घेणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

कागदावर नकाशा नसला तरी उज्जैनमध्ये हद्दी आहेत, आणि त्या पोरांना रोज दिसतात. पहिली हद्द रेल्वेची. रुळांच्या एका अंगाला जुनं शहर, दुसऱ्या अंगाला फ्रीगंज आणि त्यापुढच्या कॉलन्या. चामुंडामाता चौकाकडून फ्रीगंजच्या पुलावर गर्दी झाली की नकाशावरचे दोन किलोमीटर लांबतच जातात. दुसरी हद्द महाकाळाची. ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल लोक हा मंदिराचा नवा परिसर खुला झाल्यापासून हरिफाटकाच्या पुलापासून मंदिरापर्यंतचा रस्ता सुटीच्या दिवशी गावकऱ्यांचा राहत नाही. तिसरी क्षिप्रेची : पावसाळ्यात रामघाटाजवळची छोटी रपट, म्हणजे बसका पूल, पाण्याखाली गेली की पलीकडच्यांना वळसा पडतो.

आणि श्रावणातले सोमवार! महाकाळाची सवारी निघते म्हणून 2023 साली जिल्हाधिकाऱ्यांनी त्या काळात शहरातल्या शाळा सोमवारी बंद आणि रविवारी चालू ठेवण्याचा आदेश काढला होता. 2025 मध्येही तेच झालं. आई-बाबा दोघं रविवारी घरी आणि मूल शाळेत, सोमवारी मूल घरी आणि दोघं कामावर. ज्यांच्या आजी-आजोबांचं घर चालत जाण्यासारखं आहे, त्यांचं निभतं. म्हणून मला विचाराल तर पुष्कळ घरांत शाळेच्या अंतराइतकंच आजोळच्या अंतरालाही महत्त्व द्यावं. सहावीतलं मूल पाळणाघरात बसत नाही आणि दिवसभर एकटंही सोडवत नाही.

लांबची शाळा म्हणजे व्हॅन किंवा बस. जानेवारी 2018 मध्ये इंदूरच्या बायपासवर शाळेची बस ट्रकवर आदळून चार मुलं आणि चालक गेले. ऑगस्ट 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात उन्हेलजवळ शाळेच्या गाडीला अपघात होऊन चार मुलं दगावली. शहराबाहेरच्या हायवेवरची टोलेजंग शाळा आणि शहरातलं घर ही जोडी ठरवताना वाहनाचा विचार फीच्या आधी व्हावा.

कॉलनीजवळच्या शाळेला नेमकी कुठवर मान्यता आहे, तेही विचारा. पुष्कळ खासगी शाळा आठवीपर्यंतच असतात. नववीला पुन्हा शोधाशोध. पाटीवर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलं म्हणजे संलग्नता मिळाली असं नाही; ती मंडळाच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येते. सरकारी पर्यायांत सीएम राइज शाळा बघण्याजोग्या आहेत. 2025 मध्ये त्यांचं नाव सांदीपनी विद्यालय झालं. लहान वर्गांपासून बारावीपर्यंत एकाच आवारात, त्यामुळे आठवीनंतरचा प्रश्न उरत नाही.

प्लॉटवाल्यांनी आणखी एक पाहावं : जमीन सिंहस्थ क्षेत्रात तर नाही? 2028 चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि मेळ्यासाठी राखलेल्या जमिनीवर पक्क्या बांधकामाला परवानगी नसते. तिथे ‘प्रस्तावित शाळा’ दाखवणाऱ्या रंगीत नकाशापेक्षा नगर तथा ग्राम निवेश विभागाचा मंजूर नकाशा मागावा.

राहिलं नवोदय विद्यालय. सहावीच्या प्रवेशात इथे पत्ता खरोखर मोजला जातो. मूल त्याच जिल्ह्याचं रहिवासी हवं, पाचवीही तिथेच हवी, आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. म्हणून काहीजण नगर निगमच्या हद्दीबाहेर, अजून पंचायतीत असलेल्या कॉलनीत घर घेतात आणि मूल मात्र शहरातल्या शाळेत पाठवतात. पण ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं गावच्या शाळेत पूर्ण व्हावी लागतात. रजिस्ट्री पंचायतीतली असली तरी शाळा शहरातली, तर मूल शहरीच धरलं जातं.