विशालकोनी भिंग: कोणी घ्यावे आणि कोणते

छायाचित्रणावर बोलून झाले, शंकासमाधान सुरू झाले, की एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा विशी-पंचविशीतला असतो. "सर, कॅमेरा घेतला. त्याच्याबरोबर अठरा-पंचावन्नची लेन्स आली. आता वाइड घ्यायची आहे, पण खिसा लहान आहे. कोणती घेऊ?" मी उलट विचारतो, "कशासाठी?" उत्तरही ठरलेलेच असते: "सातपुडा सगळा मावत नाही."

मावत नाही हे खरे. पण त्यावर विशालकोनी भिंग हे औषध नव्हे. यावल-रावेरच्या केळीच्या बागांपलीकडे सातपुड्याची जी निळी भिंत दिसते, तिच्यावर असले भिंग रोखून पाहा. डोंगर मावतो खरा, पण गव्हाच्या ओंबीएवढा होऊन. वर रिकामे आकाश, खाली रिकामी जमीन आणि मधे एक बारीक रेघ. धुळ्याहून मुंबईच्या वाटेला लागल्यावर दिसणाऱ्या लळिंगच्या किल्ल्याची गतही तीच. दूरची वस्तू लहान करून दाखविणे हा या भिंगाचा स्वभाव आहे. डोंगराची रांग हवी असेल तर कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सनेच उभे धरून चार-पाच फोटो ओळीने काढावेत, प्रत्येकात मागच्याचा तिसरा हिस्सा येऊ द्यावा आणि संगणकावर ते जोडावेत. 'ह्यूजिन'सारखी फुकट मिळणारी साधने हे काम नेटके करतात. एवढ्यावर निम्म्या मंडळींची गरज भागते आणि पैसे वाचतात.

मग हे भिंग कोणासाठी? ज्याला मागे सरकता येत नाही त्याच्यासाठी. पाठ भिंतीला टेकली, आणखी एक पाऊलही मागे जाता येत नाही, आणि समोरचे अजून चौकटीत येत नाही, तेथेच त्याला पर्याय उरत नाही.

हे साध्या त्रैराशिकाने मोजता येते. सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणारा सेन्सर सुमारे २२ ते २३.५ मिलिमीटर रुंद असतो. सेन्सरच्या रुंदीला लेन्सच्या नाभीय अंतराने, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याने, भागावे आणि आपण समोरच्या भिंतीपासून जितके दूर आहोत त्या अंतराने गुणावे. भिंतीची किती रुंदी मावेल ते निघते. १० फुटांवरून १८ मिलिमीटरला सव्वाबारा-साडेबारा फूट मावते, १० मिलिमीटरला सव्वाबावीस फूट. सगळा सौदा या दोन आकड्यांमधल्या फरकाचा आहे. हा फरक आपल्याला लागतो की नाही, हे दुकानात नव्हे, घरी टेप लावून ठरवावे.

याच हिशेबातून एक फसगत उघड होते. जुन्या स्टुडिओंच्या कपाटांत फिल्मच्या काळातली २८ मिलिमीटरची 'वाइड' लेन्स निघते आणि ती स्वस्तात मिळते. फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद होती. तेथे ती १० फुटांवरून पावणेतेरा फूट घेई. आपल्या लहान सेन्सरवर तीच लेन्स जेमतेम आठ फूट घेते. ती वाईट नसते, पण वाइडही राहत नाही.

खानदेशातल्या माणसाला हा प्रश्न पुस्तकातला नाही. जळगावाहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यात आयुष्याची वर्षे घातली. त्यांतल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे हाच मनुष्य कॅमेऱ्याकडे वळलेला होता, आणि १८६४ साली त्यांची छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या मजकुरासह लंडनला छापली गेली. १८७९ साली ते वारले आणि भुसावळला पुरले गेले. आपल्या जिल्ह्याच्या मातीत निजलेल्या या मनुष्यापुढे जी अडचण होती तीच आजही आपल्यापुढे आहे.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्याचा मंडप जवळजवळ ६४ फूट चौरस, आत २० खांब, आणि खांब व भिंत यांमधली वाट साडेनऊ फुटांच्या आसपास. मंडपात मागे गेलो तर खांब आडवे येतात. खांबांच्या आत उभे राहिलो तर पाठीमागे खांब आणि समोर चित्र. तेथून १८ मिलिमीटरला भिंतीचा साडेअकरा फुटांचा तुकडा मिळतो, १० मिलिमीटरला एकवीस फुटांचा. म्हणजे एका कथेचा सुटा प्रसंग आणि शेजारच्या प्रसंगासह पूर्ण पट, एवढे अंतर पडते. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाची निजलेली मूर्ती सुमारे ७ मीटर लांब आहे आणि ती तशाच अरुंद वाटेच्या कडेला आहे. तेथे १० मिलिमीटरही समोरून पुरत नाही, पायथ्याशी किंवा उशाशी तिरके उभे राहावे लागते.

आत अंधार असतो. चित्रांसाठी फ्लॅशला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तिवई लावावयाची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तेव्हा हातात धरूनच काम करावयाचे. येथे दुकानदार सांगतो, "साहेब, अंधारासाठी मोठ्या ॲपर्चरची घ्या, २.८ची." ती महाग आणि जड असते. टोकिनाची ११-१६ मिलिमीटरची लेन्स उत्तम. पण वजन अर्ध्या किलोच्या वर आणि कंपनरोधक व्यवस्था नाही. एफ ४.५ ऐवजी एफ २.८ घेतल्याने प्रकाशाची मिळकत सव्वा पायरीच्या थोडी वर होते. उलट कंपनरोधक असलेली स्वस्त लेन्स हात थरथरण्याचा दोष तीन-चार पायऱ्यांनी कमी करते. १० मिलिमीटरला एरवी सेकंदाचा पंधरावा भाग ही हाताची मर्यादा धरतात. कंपनरोधकाने, कोपर अंगाशी घट्ट धरून आणि श्वास रोखून, अर्ध्या सेकंदापर्यंत जाता येते. दीड हजार वर्षे न हललेली भिंत अर्धा सेकंद हलत नाही. म्हणून स्थिर वस्तूंसाठी स्वस्त लेन्सच अधिक कामाची, हे माझे मत. ते पुष्कळांना पटत नाही.

माणसे मात्र हलतात. श्रावणात घरोघरी कानबाई बसते. लहानशा खोलीत सारी भाऊबंदकी जमलेली, गाणी चाललेली, आणि फोटो काढणारा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा. येथे कंपनरोधकाचा काही उपयोग नाही. आपला हात स्थिर राहील, पण टाळी वाजविणारा हात पुसट होईल. असे काम वारंवार करणाऱ्याने २.८चा विचार करावा. किंवा घरात फ्लॅशला कोणाची हरकत नसल्यामुळे तो छताकडे वळवून उडवावा. हा दुसरा मार्ग बराच स्वस्त पडतो.

आणि काहींना हे भिंग मुळीच नको. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) यांनी आयुष्यातला मोठा काळ आपल्या बंगल्यात राहून, टेबलावर मांडलेल्या लहान वस्तूंच्या छायाचित्रांनी नाव मिळविले. ज्याचे जग टेबलावर मावते त्याने पैसे दिव्याला आणि पडद्याला खर्चावेत.

आता नावे. आरसा असलेल्या कॅननच्या लहान कॅमेऱ्यांसाठी १०-१८ मिलिमीटरची 'एसटीएम' लेन्स २०१४ साली आली. वजन २४० ग्रॅम, कंपनरोधक आहे, आणि वापरलेली मिळाली तरी बिनदिक्कत घ्यावी. निकॉनची तशीच १०-२० मिलिमीटरची 'एएफ-पी' २०१७ची. पण ती डी३१०० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर फोकसच करीत नाही, तेव्हा आपला कॅमेरा घेऊनच दुकानात जावे. निकॉनच्या लहान कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. टोकिनाच्या ११-१६च्या पहिल्या आवृत्तीत ती नाही, हे विकणारा सांगेलच असे नाही. सिग्माची जुनी १०-२० मिलिमीटरची लेन्स मोटरसह येते, कंपनरोधकाविना. बिनआरशाच्या लहान कॅननवर २०२३ची १०-१८ मिलिमीटरची लेन्स अवघी १५० ग्रॅमची आहे, आणि निकॉनची त्याच वर्षीची १२-२८ मिलिमीटरची लेन्सही कंपनरोधकासह आहे.

यांच्यापेक्षाही स्वस्त म्हणून एक पदार्थ विकला जातो: असलेल्या लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवावयाचा काचेचा गोळा, त्यावर '०.४५' असे लिहिलेले. मी स्वतः तो एकदा घेतला. पहिल्याच फोटोत चारही कोपरे काळे आणि कडेची माणसे पाण्याखालची वाटावीत अशी. तो आता माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला आहे; त्या कामाला चांगला आहे.

भिंग हाती आल्यावर दोन गोष्टी सांभाळाव्यात. कॅमेरा वर किंवा खाली झुकला की उभ्या रेषा एकमेकींकडे कलतात. एरंडोल तालुक्यात फरकांड्याला झुलत्या मनोऱ्याची ख्याती आहे. त्याचा फोटो मान वर करून काढला तर मनोरा कोणी न हलविताच झुललेला दिसतो. कॅमेरा सरळ धरावा, पायथ्याशी जास्त जमीन आली तर ती मागाहून कापावी. दुसरे, कडेची माणसे रुंद होतात. लग्नाच्या समूहचित्रात आत्याबाईंना टोकाला उभे केलेत, तर फोटो पाहिल्यावर जे ऐकावे लागेल त्याला भिंग जबाबदार नाही. माणसे मधोमध, कडेला दारे-खिडक्या.

खरेदीपूर्वी आठ दिवस मोबाइलमधल्या अतिरुंद कोनाने फोटो काढून पाहावेत. अंधारात तो फारसे काही देत नाही, पण आपल्याला या कोनातून पाहता येते का हे कळते. पुष्कळांचा उत्साह येथेच ओसरतो.

आणि वापरलेली लेन्स घेताना टॉर्च जवळ ठेवा. मागून उजेड टाकून पुढून पाहा; काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडची हवा कोरडी, पण लेन्स मुंबईहून आलेली असू शकते. आपल्याकडची धूळ मात्र झूमच्या कड्यात शिरते; ते फिरवताना करकर लागली तर नको म्हणा. मग वर्तमानपत्राचे मोठे पान भिंतीवर चिकटवा, कॅमेरा अगदी समोर समांतर धरा, सर्वांत मोठ्या ॲपर्चरला एक फोटो घ्या, आणि पडद्यावर मोठा करून चारही कोपऱ्यांतली अक्षरे वाचा. चारही सारखीच पुसट असतील तर तो स्वस्त लेन्सचा स्वभाव, एफ ८ ला सुधारेल. तीन स्पष्ट आणि एकच पुसट निघाला, तर आतली काच सरकलेली आहे. कितीही स्वस्त मिळो, परत द्या.