परितेवाडीच्या गुरुजींचा तास, ८३ देशांत

आमच्या शाळा-खबरबातीतली सगळ्यात मोठी बातमी ३ डिसेंबर २०२०ची आहे आणि ती अजून शिळी झालेली नाही. त्या दिवशी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून अभिनेते स्टीफन फ्राय यांनी 'ग्लोबल टीचर प्राइझ'च्या विजेत्याचं नाव पुकारलं. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, १४० देशांतून आलेली १२ हजारांवर नामांकनं, आणि नाव निघालं सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्याचं! परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय.

२००९ साली गुरुजी तिथे रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती. एका अंगाला गुरांचा गोठा, दुसऱ्या अंगाला कोठार. मुलींची हजेरी तर नावालाच. पुढे त्याच शाळेत मुलींची हजेरी शंभर टक्क्यांवर पोचली. पुरस्काराची रक्कम सगळ्यांच्या लक्षात राहते. माझ्या मनात मात्र हजेरीपटावरचा हा आकडा जास्त घर करून बसलाय.

त्या रकमेचं पुढे काय झालं, ते पुन्हापुन्हा सांगावं असं आहे. निम्मी रक्कम गुरुजींनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. पाच लाखाला नऊने भागा: प्रत्येकी ५५ हजार डॉलरच्या वर! या पुरस्काराच्या इतिहासात असं आधी कुणी केलं नव्हतं. हे वाटेकरी इटली, ब्राझील, व्हिएतनाम, दक्षिण आफ्रिका, नायजेरिया, दक्षिण कोरिया, मलेशिया, ब्रिटन आणि अमेरिकेचे. त्यांतल्या मलेशियाच्या सॅम्युअल आयझाया सरांनी ओरांग अस्ली आदिवासी मुलांना शिकवलं. अमेरिकेच्या लिआ जुएल्के बाई नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावात निर्वासित आणि स्थलांतरित घरांतल्या मुलांना इंग्रजी शिकवत. ब्रिटनच्या जेमी फ्रॉस्ट सरांनी गणिताची वेबसाइट सगळ्यांना फुकट खुली केली. व्हिएतनामच्या हा आन्ह फुओंग बाई डोंगराळ भागातल्या वर्गाची व्हिडिओ कॉलवरून देशोदेशींच्या वर्गांशी गाठ घालून देत. माढ्याच्या एका निर्णयाने नऊ देशांतल्या वर्गांत काही ना काही पोचलं.

आता पुस्तकातल्या त्या ठिपक्याठिपक्यांच्या चौकोनाकडे वळू. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापायचा आणि मोबाइल धरला की कविता ऐकू यावी, धड्याचा व्हिडिओ दिसावा, ही कल्पना गुरुजींनी आधी आपल्या शाळेत राबवली. नंतर ती राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. हा कोड जन्मला मात्र जपानमध्ये, १९९४ साली, मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. डेन्सो वेव्ह कंपनीच्या मासाहिरो हारा यांना तो सुचला 'गो' या खेळाच्या काळ्यापांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरून. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा सांगतात, म्हणून पुस्तक उलटं धरलं तरी चालतं. सगळ्यात दणकट प्रकारात कोडाचा ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. शाईचा डाग, चिंचेचं बोट, दप्तरातली चुरगळ, सगळं पोटात घालणारा कोड. शाळेला आणखी काय हवं!

शनिवार-रविवारी गुरुजी घरच्या प्रयोगशाळेतून परदेशातल्या वर्गांना विज्ञानाचे प्रयोग दाखवत. हा तास ८३ देशांत पोचला. त्यांच्या दुसऱ्या उपक्रमाचं नाव 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स'. ज्या देशांचं आपसात पटत नाही तिथल्या मुलांच्या जोड्या लावायच्या: भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाइन, इराण-इराक. सहा आठवडे या मुलांनी एकमेकांशी बोलायचं, एकमेकांचं घर, सण, जेवण समजून घ्यायचं. भांडणाऱ्या देशांतली दोन मुलं एकमेकांना 'आज डब्यात काय?' असं विचारताहेत, या चित्रापुढे मला कुठलंही मोठं भाषण फिकं वाटतं.

असा कॉल लावायचा तर आधी घड्याळाशी गट्टी हवी. सोलापुरात साडेदहाला घंटा झाली की लाहोरात दहा वाजलेले असतात, काठमांडूत पावणेअकरा, तेहरानमध्ये साडेआठ, हनोईत बारा, टोकियोत दोन. रिओत रात्रीचे दोन, तिथल्या पोरांना झोपू द्यावं! शिवाय इराणात सुट्टी शुक्रवारी. इस्राएलमध्ये शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो, म्हणजे आपल्या सुट्टीच्या दिवशी तिकडे पहिला तास. वेळापत्रक जुळवता जुळवताच अर्धा भूगोल होऊन जातो.

घड्याळाची आणखी एक गंमत. भारताची वेळ ८२.५ रेखांशावरून ठरते आणि सोलापूर ७५.९ वर आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली की सोलापूरचा सूर्य घड्याळाच्या सरासरी २६ मिनिटं मागे चालतो. आपली खरी दुपार बाराला होतच नाही, ती होते साडेबाराच्या आसपास.

हीच खरी दुपार आगामी उपक्रमात कामाला येते. सोलापुरात दरवर्षी १० ते १२ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हे पुन्हा घडतं, फक्त ढगांनी वाट दिली पाहिजे. त्या दिवशी जयपूरच्या एखाद्या शाळेला फोन लावा. जयपूर जवळजवळ आपल्याच रेखांशावर, पण सव्वानऊ अंश उत्तरेला. तिथे एक मीटरच्या काठीची भरदुपारी सुमारे १६ सेंटिमीटर सावली पडेल. त्या सावलीवरून कोन काढायचा, तो येतो सव्वानऊ अंश. दोन शहरांमधलं सरळ अंतर सुमारे १,०३० किलोमीटर. त्याला ३६० ने गुणा, सव्वानऊने भागा. उत्तर येतं ४० हजारांच्या आसपास, म्हणजे पृथ्वीचा घेर! दोन काठ्या, एक फोन आणि इयत्ता सातवीचा वर्ग, एवढ्यात भागतं. लाहोरची शाळा मिळाली तर आणखी बहार. तिथे सावली पाव मीटरची, आणि आपल्यानंतर पाचसहा मिनिटांनी.

मे महिन्यात शाळा बंद असते, तेव्हा अंगणातच काठी रोवा. बाकी उपक्रमांसाठी तारखा हाताशी आहेत: ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २८ फेब्रुवारी विज्ञान दिन. आणि संक्रांतीला सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. परदेशी मित्रमैत्रिणींना उंच नंदीध्वज मोबाइलवर दाखवायला याहून चांगला मुहूर्त नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या सोलापूरच्या पोरांना अनोळखी भाषेची भीती मुळातच कमी.

१० ऑक्टोबरची नोंद मात्र ठळक करा. १९१० साली या दिवशी डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला निघालं, त्यात ते होते. तिथे ते चिनी भाषा शिकले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ला ते गेले तेव्हा वय अवघं बत्तीस. त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. सोलापुरातल्या त्यांच्या घरी आता स्मारक आहे. पुढच्या सहलीला वर्ग तिथे न्या, आणि परत आल्यावर मुलांना सांगा, दोन देश मिळून एक नाव तयार करा.