धनगरांच्या ओव्या, जर्मन कान

चंपाषष्ठी म्हटलं, की आम्हा जळगावकरांना आधी भरीत आठवतं, मग खंडोबा! गुंथर सोंथायमर (१९३४-१९९२) या जर्मन प्राध्यापकांचं नेमकं उलट. शिकवायचे हायडेलबर्ग विद्यापीठात, पण टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे आपल्या धनगरांसमोर. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६मध्ये आला. त्यात धनगरांच्या तोंडच्या ओव्या-कथांना पोथ्यांइतकाच मान!

हे वाचून मी जाम ओशाळले. धुळ्याच्या माझ्या आजीला कानबाईची अहिराणी गाणी तोंडपाठ. मी एकही पूर्ण ऐकलेलं नाही. गेल्या रविवारी मोबाइल रेकॉर्डिंगवर टाकून तिच्यापुढे बसले. तीन गाणी झाली. चौथं काही केल्या तिला आठवेना.

तुम्ही कधी बसताय आजीपुढे?