चिल्ल्यातली डोकेदुखी

जळगाव-धुळ्याचा मे महिना. पारा ४४ वर आणि बंद खोलीत बाळंतीण. जास्त पाणी प्यायली तर पोट सुटेल, म्हणून घोट-घोटच द्यायचे. ही रीत आमच्याही घरात होती. नानी ती मायेनेच पाळायच्या. पण निफासच्या दिवसांत शरीअतने रोजाही माफ केला आहे, कजा नंतर. मग ही तहान कुठून आली?

बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त लवकर गोठते. त्यात पाणी कमी पडले की क्वचित मेंदूतले रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होते. डोकेदुखी दिवसागणिक वाढते, आडवे झाल्यावर जास्त. उलट्या, धूसर दिसणे, फिट, एका बाजूच्या हातापायांतली ताकद जाणे. फिट आली की आपल्याकडे आधी ‘असर’ आठवतो. दुआ जरूर करा, पण दवाखान्याच्या वाटेवर.

तिथे बाळंतपणाला किती दिवस झाले, हे न विचारता सांगा. साधा सीटी स्कॅन कधीकधी नॉर्मल येतो. म्हणून शिरांची एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी लागेल का, ते विचारा. गुठळी सापडली की बहुधा हेपारिन देतात. मेंदूत रक्तस्राव दिसत असतानाही रक्त पातळ करणारे औषध पाहून नातेवाईक घाबरतात. तो रक्तस्राव शीर तुंबल्यामुळेच झालेला असतो.

आणि हज, उमरा किंवा रमजानसाठी पाळी पुढे ढकलायच्या हार्मोनच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. त्यांनीही काहींना गुठळीचा धोका वाढतो.