नोटीस आली तर पंधरा दिवस वाया घालवू नका

मोशी, चिखली, कुदळवाडी या पट्ट्यात आपले अनेक बांधव भंगार, फॅब्रिकेशन व गॅरेजच्या धंद्यात आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीतील हजारो पत्राशेड व गोदामे पाडली. तेव्हापासून शेजारच्या मोशीतही शेडवाल्यांना एकच धास्ती आहे : उद्या आपल्याला नोटीस आली तर?

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात आहे. न्या. भूषण गवई व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी ठरवून दिले की, नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवावी, बांधकामावरही चिकटवावी आणि १५ दिवसांची मुदत द्यावी. नियम कोणता मोडला, कागद कोणते हवेत व सुनावणी कधी, हे नोटिशीत लिहिलेले असावे. मागची तारीख टाकता येऊ नये म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेलने कळवावे. सुनावणीनंतरच्या आदेशात बांधकाम नियमित होऊ शकते का, याचा खुलासा हवा. आदेशानंतरही १५ दिवस हातोडा पडता कामा नये. हे नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागू शकते.

पण गैरसमज नको. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी यांवरील अतिक्रमणाला आणि जेथे न्यायालयाचाच पाडण्याचा आदेश आहे तेथे हे संरक्षण नाही. मोशी तर इंद्रायणीकाठी वसलेली. चिखलीत याच नदीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले हरित न्यायाधिकरणाच्या आदेशाने मे २०२५ मध्ये पाडले गेले. सर्वोच्च न्यायालयातील अपीलही टिकले नाही. म्हणून जागा भाड्याने घेण्यापूर्वी पूररेषा व विकास आराखडा पाहावा.

आमचे सांगणे एवढेच : नोटीस परत पाठवू नका. मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. भाडेकरार, सातबारा, कराची पावती, वीजबिल, धंद्याचे परवाने एका फाईलमध्ये लावा. लेखी उत्तर देऊन पोच घ्या, सुनावणीला वकिलासह हजर राहा. एखाद्या पुढाऱ्याच्या तोंडी शब्दावर मुदत घालवली, तर नंतर कोर्टात दाखवायला हाती काही उरत नाही.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही सूरह बकराची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. महापालिकेशी पडणाऱ्या गाठीतही तीच शिस्त कामाला येईल.