डिझेल मोटारीची कागदावरील व रस्त्यावरील धांव

डिझेलची मोटार घेतांना बहुतेक शेतकरी बंधूंचा पहिला प्रश्न 'अॅव्हरेज किती?' हाच असतो. विक्रेता पत्रकांतील आंकडा दाखवितो व घरीं त्यावरच वर्षाचा खर्च मांडला जातो. प्रस्तुत लेखकानेंही तसेंच केलें. पत्रकांत लिटरामागें २० किलोमीटर होते; वर्षभर वहींत टिपून पाहतां १५ च भरले. वर्षास १५,००० किलोमीटर फिरणें धरल्यास ७५० लिटरांऐवजीं १,००० लिटर डिझेल लागतें. वरचे २५० लिटर आमच्या अंदाजांत कोठेंच नव्हते.

पत्रकांतील आंकडा खोटा असतो असें मात्र नाहीं. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन किंवा तिच्यासारखी मान्यताप्राप्त संस्था ही चांचणी घेते. गाडी रस्त्यावर न नेतां तिचीं चाकें फिरत्या रुळांवर चालवितात. आजवरच्या बहुतेक गाड्यांची चांचणी ज्या ठराविक क्रमानें झाली, त्यांत सुमारें २० मिनिटांत जेमतेम ११ किलोमीटर धांव होते. वेग ताशीं ९० किलोमीटरांवर जात नाहीं व एसी बंद असतो. धुरांतून निघालेल्या कार्बनवरून जळलेल्या डिझेलचें गणित करितात. घाटाचा चढ, पावसाळ्यांतील खड्डे, मागें टाकलेलीं खताचीं पोतीं हीं तेथें येणार कोठून? नजरेनें ठरविलेली पैसेवारी व खळ्यांत पडलेली रास यांतील अंतर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

युरोपांतही अशाच तऱ्हेची चांचणी होती. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेनें लक्षावधि गाड्यांच्या नोंदी पडताळल्या, तेव्हां २००१ मध्यें शेंकडा दहाच्या आंत असलेली तफावत २०१५ पर्यंत शेंकडा चाळिसाच्या घरांत गेल्याचें दिसलें. कारखानदार चांचणीपुरती गाडी सजविण्यांत तरबेज झाले होते. २०१७ पासून तेथें अर्ध्या तासाची, २३ किलोमीटरांची व अधिक वेगाची नवी चांचणी आली.

आपल्या गाडीचा खरा आंकडा काढणें कठीण नाहीं. पंपाची नळी आपोआप बंद पडेपर्यंत टांकी भरावी व मीटर टिपावा. चारपांचशें किलोमीटर फिरून त्याच पंपावर तशीच टांकी भरावी. मधल्या किलोमीटरांस या वेळीं भरलेल्या लिटरांनीं भागावें. अशा पांचसहा नोंदींची सरासरी धरावी, एका भरण्यावर विसंबूं नये. पत्रकांतील आंकड्याचा उपयोग दोन गाड्यांची परस्पर तुलना करण्यापुरता ठेवावा.

ज्यांचें जाणेंयेणें गांवापासून बाजारापर्यंत तीनचार किलोमीटरच आहे, त्यांस तर आणखी कमी धांव मिळते. कारण डिझेलचें इंजिन तापण्यापूर्वींच प्रवास संपलेला असतो.